‘कळवतो’ या शब्दावर काढलेले आठ महिने

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षबाई आणि मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेवर माझा विषय ‘विशीतली अनिश्चितता आणि तिला तोंड देण्याचे मार्ग’ असा छापलाय. मार्गांकडे येतोच. पण आधी एका शब्दाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. तो शब्द म्हणजे ‘कळवतो’.

चोवीस वर्षांचा असताना मी एका कार्यालयात मुलाखत दिली. साहेब म्हणाले, “तुमचं जवळजवळ झालंच आहे. कळवतो.” त्या ‘जवळजवळ’वर मी आठ महिने काढले. टपाल यायच्या वेळी घराबाहेर पडायचो नाही. दुसरीकडे अर्ज करायला बसलो की वाटायचं, हे आलं तर? मित्राच्या लग्नाला परगावी जायचं तर वाटायचं, नेमकं तेव्हाच बोलावणं आलं तर? वडील पेपर वाचता वाचता दाराकडे बघायचे आणि मी बघतोय हे लक्षात आलं की पुन्हा पेपरात डोकं घालायचे. शेवटी मीच त्या कार्यालयात गेलो. कारकुनाने वही उघडून सांगितलं, ती जागा पाच महिन्यांपूर्वीच भरली. राग आला, पण दोन दिवसांनी. त्या रात्री मात्र आठ महिन्यांत पहिल्यांदा मला सलग झोप लागली.

नकार ऐकून झोप कशी लागते, हे कोडं मला अनेक वर्षं सुटलं नव्हतं. मग २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४५ माणसं. समोर पडद्यावर दगड दिसायचे, दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम किती येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात, हे मोजलं. झटका बसणारच अशी खात्री असताना जितका ताण आला, त्याहून जास्त ताण बसण्या-न बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. वाचताना मला ती वही आठवली आणि ती झोपही.

तुमच्यासमोर तर एकाच वेळी असे पाच-सहा दगड आहेत. काम कुठलं, शहर कुठलं, सोबत कोणाची, घरच्यांची जबाबदारी किती. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००० साली अठरा ते पंचविशीच्या या काळाला वेगळं नावच दिलं. मराठीत ‘उमलती प्रौढावस्था’ म्हणता येईल. नाव गोड आहे, पण तुमची रात्र तशी जात नाही, हे मला माहीत आहे.

इथे वक्ते सहसा थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगतात. डार्विनने वैद्यकीचं शिक्षण सोडलं, मग पाद्री व्हायचं घाटत होतं आणि १८३१ साली बाविसाव्या वर्षी तो ‘बीगल’ जहाजावर चढला. गोष्ट खरी आहे. पण तिचा शेवट ठाऊक असल्यामुळे आपल्याला धीर येतो. जहाजावर चढणाऱ्या त्या मुलाला तो ठाऊक नव्हता. म्हणून अशा गोष्टींवर मी फार विसंबत नाही.

आणि या सभागृहात माणसं निवडणारे कोणी असतील तर त्यांना कळकळीने सांगतो, नकार द्यायचा असेल तर तो कळवा. दोन ओळी पुरतात. तुम्ही त्या लिहीत नाही तेव्हा कोणाचे तरी महिने जातात.

बाईंची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. छापलेला विषय आता भरभर.

कोणी ‘कळवतो’ म्हटलं की तिथेच विचारा, “कधीपर्यंत?” उत्तर आलं नाही तर तारीख तुम्ही ठरवा आणि त्या दिवसानंतर तो नकार धरून दुसऱ्या कामाला लागा. उद्या होकार आला तर नव्याने विचार करता येईल. वाट बघण्याच्या काळात रोज एक तरी काम असं करा, ज्याचा निकाल संध्याकाळपर्यंत दिसतो.

निर्णय जन्मभराचा म्हणून घेऊ नका, वर्षभराचा घ्या. २०१३ साली एकोणीस हजारांहून जास्त लोकांवरचा एक अभ्यास आला होता. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो, पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही, असं सगळ्याच वयाच्या लोकांना वाटत होतं. तेविसाव्या वर्षी चाळिशीतल्या स्वतःसाठी सगळं ठरवून टाकण्याचा हट्ट मग कशाला?

शेवटचा मुद्दा घाईत सांगण्याचा नाही, पण सांगतो. २००५ सालच्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत दिसलं की आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी तीन-चतुर्थांश चोविशीच्या आत सुरू झालेले असतात. दोन आठवडे झोप, भूक, कशातही रस उरला नसेल, तर ‘या वयात असं होतंच’ म्हणून बसू नका, डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कोणाला तरी सांगा.

तिसऱ्या रांगेतल्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे. बोला, मी थांबलोय.