दक्षिण फ्रान्समध्ये कॅराव्हॅनची सुट्टी: दोन आठवडे, एकच मुक्काम

नमस्कार मंडळी! नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी इकडे राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात एक विषय हमखास निघतो. शेजारचे लोक गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडतात आणि दक्षिण फ्रान्सला निघतात. आपल्यालाही जमेल का? जमेल. कसं, ते आज सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. या सुट्टीत फिरायचं कमी आणि राहायचं जास्त. पंधरा दिवसांत सात शहरं बघायची असतील तर ट्रेन आणि हॉटेल बरं. कॅराव्हॅन रोज हलवली की रोज तीच हमाली: गाडीपासून सोडवा, लेव्हलला आणा, पाय खाली घ्या, वीज जोडा, पाणी भरा, ऑनिंग (कॅराव्हॅनला जोडायचा कापडी मांडव) ताणा. हे एकदा करायला मजा येते, सात वेळा नाही.

मग राहायचं कुठे? बहुतेकांच्या डोक्यात समुद्रकिनारा असतो. पण ऑगस्टमध्ये तिथे गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. मी सुचवीन थोडं आत, नदीकाठी. आर्देश आणि गार हे दोन शेजारचे जिल्हे.

(पडद्यावर नकाशा)

हे बघा, व्हालाँ-पाँ-दार्क. आर्देश नदीने इथे डोंगर पोखरून दगडी कमान तयार केली आहे, ५४ मीटर उंच, आणि तिच्याखालून तुम्ही कनू, म्हणजे छोटी होडी, वल्हवत जाता. घळीतून पूर्ण उतरायचं तर साधारण ३२ किलोमीटर होतात, पण लहान मुलं असतील तर सात-आठ किलोमीटरचा छोटा टप्पाच घ्या. पोहता येत नसेल तर कनूचा हट्ट धरू नका. कमानीपासून जवळच शोव्हेची गुहा आहे. १९९४ मध्ये सापडली, आतली चित्रं सुमारे ३६ हजार वर्षं जुनी. मूळ गुहा लोकांसाठी बंद आहे, पण २०१५ पासून तिची हुबेहूब प्रतिकृती बघता येते. घोडे, सिंह, गेंडे. ‘प्रतिकृतीच तर आहे’ म्हणून सोडू नका. मुलांनाही तिथे नक्की न्या.

थोडं दक्षिणेला उझेस गाव आणि पाँ द्यू गार. पहिल्या शतकातला रोमन जलसेतू, तीन मजली, सुमारे ४९ मीटर उंच. उझेसजवळच्या झऱ्याचं पाणी नीम शहरापर्यंत न्यायला रोमन लोकांनी ५० किलोमीटरचा कालवा बांधला, आणि त्या संपूर्ण लांबीत उतार किती? जेमतेम १२-१३ मीटर! पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावर पाणी वाहायचं. खाली गार्दाँ नदीत पोहता येतं. दोन हजार वर्षांचं बांधकाम डोक्यावर आणि आपण पाण्यात, यापेक्षा सुंदर दुपार मला तरी माहीत नाही.

आता प्रवास. सगळ्यात महत्त्वाचं: जुलैअखेरच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी निघू नका. जुलैवाले परततात, ऑगस्टवाले निघतात आणि लियाँच्या खाली ए-७ रस्ता तुंबतो. फ्रान्सची सरकारी सेवा आहे, बिझाँ फ्यूते. ती रस्त्यावरच्या गर्दीनुसार प्रत्येक दिवसाला रंग देते: हिरवा, नारिंगी, लाल, काळा. काळा म्हणजे घरी बसा. मंगळवारी-बुधवारी निघा आणि फ्रान्समधल्या बोन (Beaune) गावाच्या आसपास एक रात्र थांबा. नेदरलँड्सहून हजार किलोमीटरच्या वरचं अंतर आहे, ते एका दमात कापण्यात काही शौर्य नाही.

साध्या गाडीच्या बी लायसन्सवर गाडी आणि कॅराव्हॅन मिळून कमाल परवानगीचं वजन साडेतीन टनांच्या आत हवं. जड सामान कॅराव्हॅनमध्ये चाकांच्या वरच्या भागात, तळाशी ठेवा, मागच्या टोकाला नको. ऱ्होन खोऱ्यात मिस्त्राल नावाचा वारा उत्तरेकडून सुटतो. जाताना पाठीशी असतो, येताना छातीवर. कॅराव्हॅन डुलायला लागली तर करकचून ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

कॅम्पसाइटवर पोचलात की विजेचा हिशोब समजून घ्या. बऱ्याच ठिकाणी सहा अँपिअर मिळतात. सहा गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॉट. घरची इलेक्ट्रिक किटली दोन हजार वॉटची असते. ती लावली की वीज गेलीच. म्हणून चहा, कुकर, पिठलं, सगळं गॅसवर. कुकर जरूर न्या, जवळच्या कामार्ग भागात भात पिकतो, त्या तांदळाची खिचडी छान होते. कोळशाची शेगडी मात्र विचारल्याशिवाय पेटवू नका. इथे उन्हाळ्यात रान कोरडं ठाक असतं, वणवे लागतात, आणि बऱ्याच कॅम्पसाइटवर कोळशाला सक्त मनाई असते.

टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) रिकामी करायची जागा वेगळी असते, तिथेच करा, रोज सकाळी, पाळ्या लावून. लाजण्यासारखं काही नाही, सगळेच करतात. आणि पुरुष मंडळींनो, बऱ्याच ठिकाणी पूलमध्ये ढगळ बर्म्युडा चालत नाही, अंगाला घट्ट बसणारा स्विमसूटच लागतो. घरूनच आणा.

बाकी दिवस? आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर ब्रेड सांगून ठेवायचा, सकाळी आणायचा. शनिवारी उझेसचा बाजार: जर्दाळू, पीच, वांगी, ऑलिव्ह. तिथली वांगी ऑनिंगखाली भरून करा, मसाला घरून न्या. दुपारी दोन ते पाच काही करायचं नाही. ऊनच तसं असतं आणि पूर्ण कॅम्पसाइट पेंगलेली असते. जून-जुलैत अंधार पडायला साडेनऊ-दहा होतात, म्हणजे खरा दिवस संध्याकाळीच सुरू होतो.

तेव्हा पेताँक खेळा! एक छोटा लाकडी गोळा सहा ते दहा मीटरवर, आणि लोखंडी गोळे त्याच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचे. हा खेळ १९०७ च्या सुमारास ला सिओता गावात जन्मला. ज्यूल लेन्वार यांना संधिवातामुळे धावता येत नव्हतं, म्हणून जागेवर उभं राहून टाकायचा नियम आला. भारतातून आजी-आजोबा आले असतील तर त्यांना बाकावर बसवून ठेवू नका, संघात घ्या. शेजारचे फ्रेंच आजोबा स्वतःहून शिकवतात, भाषा येवो न येवो.

हे सगळं परवडतं का? पंचतारांकित, घसरगुंड्यांवाल्या जागा महाग आहेत. पण गावोगावी नगरपालिकेच्या साध्या कॅम्पसाइट असतात, झाडं, स्वच्छ न्हाणीघरं, बस्स. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना पहिल्यांदा कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि हॉटेल न परवडणारी माणसंही सुट्टीवर निघू लागली. आज ती रजा पाच आठवड्यांची आहे. या साध्या जागा अजून टिकल्या आहेत याचं मला फार अप्रूप आहे. आपण तिथे राहिलो तर त्या पुढेही टिकतील.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर अगदी पाण्यालगतची जागा घेऊ नका. या भागात शरद ऋतूत अचानक ढगफुटीसारखा पाऊस होतो. सप्टेंबर १९९२ मध्ये व्हेझाँ-ला-रोमेनला नदीकाठची कॅम्पसाइट पुरात वाहून गेली, माणसं गेली. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की सामान सोडा आणि उंचावर जा.

भारतातून येणाऱ्यांसाठी: कॅराव्हॅन ओढायच्या भानगडीत पडू नका. त्याच कॅम्पसाइटवर मोबिल-होम भाड्याने मिळतात, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. बहुतेक शनिवार ते शनिवार. शेंगेन व्हिसाला त्याचं बुकिंग राहण्याचा पुरावा म्हणून दाखवता येतं. जुलै-ऑगस्ट हवा असेल तर जानेवारीतच ठरवा.