गडूवरचं साल

[पडद्यावर: देवघर. समईच्या उजेडात तांब्याचा गडू. त्यावर ठोकलेली अक्षरं.]

या गडूवर लिहिलंय – गोमुख, १९८३.

आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत जुनी. लग्नातला हंडा असो नाहीतर बारशाची वाटी, कोणी दिलं, कधी दिलं, ते त्यावर ठोकलेलं असतंच. हा गडू माझ्या मामांनी आणला. खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या माझ्या आजोळी तो चाळीस वर्षं देवघरात होता. आत भागीरथीचं पाणी, तोंड डाक देऊन, म्हणजे झाळून, बंद केलेलं. मामा तेव्हा बावीस वर्षांचे, फौजेत होते, गढवालात हर्सिलला. रजा काढून चौघं जवान गोमुखापर्यंत, गंगोत्री हिमनदीच्या ज्या तोंडातून ही भागीरथी निघते तिथवर, चालत गेले होते.

२०२३ च्या श्रावणात आजी गेली. त्या रात्री मामांनी गडूची डाक फोडली आणि तुळशीच्या पानाने दोन थेंब तिच्या ओठांवर सोडले. दिवसकार्य झाल्यावर रिकामा गडू देवघरात परत ठेवताना ते एवढंच म्हणाले, "भरून आणाय पाहिजे. जिथनं आणलं तिथनंच."

ती "जिथनं"ची जागा शोधायला आम्ही निघालो.

[पडद्यावर: खानापूरचा पूल, मे महिन्यातली दुपार.]

निघायच्या दिवशी खानापूरच्या पुलावर गाडी थांबवून मी खाली कॅमेरा धरला. ही मलप्रभा. कणकुंबीला, माउलीच्या देवळापाशी तिचा उगम. कणकुंबी आणि आमगाव म्हणजे कर्नाटकातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या पट्ट्यातली गावं. आषाढात याच पुलावरून खाली बघवत नाही. आणि मे महिन्यात हे असं: उघडे खडक, मध्येच थोडं हिरवट पाणी, कडेला कपडे धुणाऱ्या बायका.

आमच्या नदीची सगळी कमाई चार महिन्यांची. मिरगापासून हस्तापर्यंत जे पडेल ते. त्यातलं भीमगडच्या, कणकुंबीच्या रानाने जेवढं मुरवून ठेवलं तेवढं झऱ्याझऱ्यांनी पुढे येत राहतं. उन्हाळा चढतो तशी ती आटत जाते. ऊन म्हणजे पाणी कमी, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने दोन रात्री काढून दिल्ली. मामांनी गडू टॉवेलात गुंडाळून उशाशी ठेवला होता, एकदाही सीटखाली सरकवला नाही. सोबत चिरमुरे, शेंगाचटणी, भाकऱ्या आणि कुंद्याचे दोन डबे. एक आमच्यासाठी, एक "तिकडं जो कोण वाट दाखवील त्येला". पुढे ऋषिकेश, उत्तरकाशी, आणि भागीरथीच्या कडेकडेने वर वर जाणारा रस्ता.

हर्सिलला मामा गाडीतून उतरले आणि बराच वेळ देवदारांकडे बघत उभे राहिले. त्यांच्या पुढ्यात कॅमेरा न्यायचं मला धाडस झालं नाही. त्याच्या पुढचं गाव धराली. तिथे आम्ही रस्त्याकडेला चहा घेतला, मागे सफरचंदाच्या बागा होत्या. पुढच्या वर्षी, ५ ऑगस्ट २०२५ ला, वरच्या नाल्यातून आलेल्या लोंढ्याने त्या गावाचा मोठा भाग चिखल-दगडांखाली गेला. आमच्याकडे त्या चहाच्या दुकानाचं अकरा सेकंदांचं चित्रण आहे. ते इथे दाखवत नाही.

[पडद्यावर: गंगोत्री. पहाट.]

गंगोत्री साधारण ३,१०० मीटरवर. अक्षय्यतृतीयेला देवळाचे दरवाजे उघडतात, दिवाळीत मिटतात, आणि गंगेची मूर्ती हिवाळ्यापुरती खाली मुखबा गावात येते. यात्रेकरूंपैकी बहुतेकांची यात्रा इथेच पुरी होते. गोमुख पुढे अठरा किलोमीटर, पायी. तो भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. परवाना लागतो आणि दिवसाला १५० जणांनाच वर सोडतात. कनखूच्या नाक्यावर कागद दाखवला, पिशव्या उघडून दाखवल्या, आणि वाट सुरू झाली.

वाट अवघड नाही. खरंच नाही. जांबोटीच्या चढणी चढलेल्या माणसाला ती सपाटच वाटेल. अवघड आहे ती हवा. बेळगाव साडेसातशे मीटरवर, आणि आम्ही चाललो होतो चार हजारांच्या उंचीवर. वीस पावलं टाकली की छाती भात्यासारखी चालायची. मामा त्रेसष्ट वर्षांचे. ते माझ्या पुढे होते. फौजेतली चाल: एकसारखी, सावकाश, मध्ये बोलणं नाही.

डावीकडे कडा, उजवीकडे खोल खाली भागीरथी. नऊ किलोमीटरवर चिरबासा. चीड म्हणजे पाइन, त्यांची वस्ती. तिथे शेवटची दाट सावली. त्यानंतर गिला पहाड नावाचा टप्पा, जिथे वरून दगड सुटतात. आमच्या वाटाड्याने तिथे थांबू दिलं नाही, फोटोसुद्धा नाही. मग भोजबासा, चौदाव्या किलोमीटरवर. भोज म्हणजे भूर्ज. पोथ्यांमधून ज्या भूर्जपत्रांबद्दल वाचतो त्या सालीची झाडं. एके काळी इथे त्यांचं बन होतं. चुलींसाठी, धुन्यांसाठी ते तोडलं गेलं. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी नव्वदच्या दशकात चिरबासाला रोपवाटिका करून इथे भूर्ज पुन्हा लावायला घेतले. या उंचीवर एक रोप गुडघ्याएवढं व्हायला किती वर्षं लागत असतील याचा विचार केला, आणि त्या बाईंपुढे मनातल्या मनात हात जोडले.

रात्र भोजबासाला. आणि इथे मला एक गोष्ट ऐकू आली.

[पडद्यावर काहीच नाही. फक्त नदीचा आवाज.]

दुपारी चार वाजता आम्ही पोचलो तेव्हा नदी गर्जत होती. दोन माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. पहाटे तीनला थंडीने जाग आली तेव्हा आवाज उतरलेला. नदी तीच, जागा तीच, पण आवाज निम्म्यावर. सकाळी वाटाड्याला विचारलं तर त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. ऊन पडलं की बर्फ सुटतो, दुपारनंतर पाणी चढतं, रात्री गोठतं, पहाटे उतरतं. रोजचंच आहे.

मामा म्हणाले, "आमच्यात उनानं नदी मरती. हितं उनानं जगती."

या सगळ्या प्रवासात मला हिमनदी कळली ती या एका वाक्यात. आमच्या आजोळी अजून एक कणगी आहे. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, आत भात. कणगी वरून भरायची आणि खालच्या भोकातून काढायचं. एरवी भोकाला चिंध्यांचा बोळा. हिमनदीचं तसंच. वर, सहा-सात हजार मीटरच्या शिखरांच्या कुशीत, दर हिवाळ्यात बर्फ भुसभुशीत पडतो. त्यावर पुढच्या वर्षीचा, त्यावर त्याच्या पुढचा. खालचा दाबून दाबून कठीण होतो, निळसर होतो आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू उताराला सरकू लागतो. गंगोत्री हिमनदी अशी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. वर पडलेला कण खालच्या तोंडाशी यायला काही शतकं लागतात. म्हणजे आजीच्या ओठांवरचे ते दोन थेंब कदाचित शिवकाळाच्याही आधी बर्फ होऊन पडले असतील.

हिमनदी मागे गेली म्हणतात तेव्हा बर्फ काही उलटा चढत नाही. तो खालीच येत असतो. पण वरून भरणा कमी आणि खालून उपसा जास्त झाला की तोंडापाशी उरत नाही. हिवाळे कोरडे जातात, पडणाऱ्या बर्फातला काही भाग पाऊस होऊन पडतो, हवा तापते, काजळीने आणि धुळीने बर्फ मळतो आणि मळलेला बर्फ ऊन जास्त पितो. कणगीत वरून ओतणारे हात थकलेत, आणि खालचा बोळा कोणीतरी काढून ठेवलाय.

[पडद्यावर: भोजबासाच्या पुढची वाट. दगडच दगड.]

भोजबासाच्या पुढे वाट नसतेच म्हणा. मोठमोठे धोंडे, मध्ये वाळू, आणि समोर भागीरथी शिखरांची रांग. उजवीकडे शिवलिंग, ६,५४३ मीटर. एका वळणावर भरलांचा कळप होता, करड्या रंगाच्या रानमेंढ्या, आमच्याकडे बघून पुन्हा चरायला लागल्या.

वाटेत काही धोंड्यांवर रंगाने सालं लिहिलेली दिसतात. त्या त्या वर्षी बर्फाचं तोंड इथवर होतं, अशी खूण. ओसाड दगडांच्या पसाऱ्यात उभं राहून असा आकडा वाचायचा, मग मान वर करून बर्फ कुठे दिसतो का ते शोधायचं. दिसत नाही. चालत राहायचं.

१९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन ऑडेन यांनी या तोंडाचा नकाशा काढला. तेव्हापासून १९९६ पर्यंतच्या एकसष्ट वर्षांत ते १,१४७ मीटर मागे गेलं. वर्षाला सरासरी एकोणीस मीटर. पुढच्या काळात वेग काहीसा मंदावला, थांबला मात्र नाही. रक्तवर्ण, चतुरंगी अशा बाजूच्या हिमनद्या एके काळी हिला येऊन मिळत. आता त्या तुटल्या आहेत, जसे उन्हाळ्यात ओढे नदीपासून तुटतात. आणि हे एकट्या गंगोत्रीचं नाही. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने झिजल्या, असं काठमांडूच्या इसिमोड संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं.

मामांना आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. ते एक धोंडा शोधत होते.

"उंटाच्या पाठीवानी होता. त्येच्यावर बसून आम्ही शिधा खाल्ला. धोंड्याच्या म्होरं भिंत. निळी, घराएवढी. खाली भुयार, त्यातनं पाणी. हातानं बर्फाचा तुकडा मोडला आणि वितळवून गडू भरला."

दोन तास आम्ही तो धोंडा शोधला. पाठीवानी धोंडे पुष्कळ होते. २०१७ च्या पावसात इथे वरून एवढा राडारोडा आला की गोमुखाचं रूपच बदललं. ओळखीच्या खुणा राहिल्या नाहीत. एका धोंड्यापाशी मामा थांबले, हात फिरवला, मागे वळून नदीचं वळण बघितलं, शिवलिंगाकडे बघितलं. "हाच. हाच असंल." त्या धोंड्याच्या पुढे वाळू होती. वाळूच्या पुढे धोंडे. बर्फ कुठेच नव्हता.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. वर्षाला एकोणीस, एक्केचाळीस वर्षं. जुनाच वेग धरला तर पावणेआठशे मीटरच्या आसपास. मामांना सांगितला नाही.

[पडद्यावर: गोमुख, दुरून.]

आणि हे गोमुख. पांढरंशुभ्र काहीतरी दिसेल असं मला वाटत होतं. दिसतो तो राखाडी ढिगारा, आपल्याकडच्या खडीच्या खाणीसारखा. नीट बघितलं की कळतं, तो सगळा ढिगारा बर्फाचा आहे, वर दगडमातीचं पांघरूण. मध्ये एक काळपट कपार, तिच्यात निळ्या रंगाची चीर, आणि तिथून नदी निघते. सुरुवात म्हणून बारीकशी धार नाही. पहिल्या पावलापासून ती पूर्ण नदी आहे. अगदी जवळ जाऊ देत नाहीत, कारण कडेचा बर्फ कधीही कोसळतो. आमच्यासमोरही एक कपचा पडला. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, मग पाण्यात गढूळ लाट. मामांनी हात जोडले, मीही जोडले.

गडू कुठे भरायचा यावर ते क्षणभर अडले. पुढे जाता येत नव्हतं. शेवटी मागे फिरले, त्या उंटाच्या पाठीच्या धोंड्यापाशी आले, खाली नदीत उतरले आणि तिथे गडू बुडवला. "जागा हीच. बर्फ सरकला, जागा न्हाई सरकली."

परतीच्या वाटेवर मला सारखा खानापूरचा पूल दिसत होता.

हिमनदी आटली की गंगाच संपेल, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. मैदानात उतरल्यावर गंगेच्या पाण्यात मोठा वाटा पावसाचाच असतो, आणि पाऊस पडतच राहील. पण इथे वर, उत्तरकाशीच्या या खोऱ्यात, मे-जूनच्या कडक दिवसांत जे पाणी गर्जतं ते सरत्या हिवाळ्याच्या बर्फाचं आणि या कणगीतलं आहे. कणगी रिकामी होत गेली तर सुरुवातीला पाणी वाढलेलंच दिसेल, कारण उपसा जोरात आहे. मग कमी होत जाईल. आणि इथली भागीरथी आमच्या मलप्रभेच्या वाटेने जाईल: हिवाळ्याचा बर्फ सोडला तर पावसाची नदी, त्या त्या वर्षीच्या कमाईवर वर्ष काढणारी. तशा नदीच्या काठी राहणं कसं असतं ते आम्हाला माहीत आहे. टँकरची वाट बघणं माहीत आहे. भागीरथीकाठच्या त्या गावांना ते कधी माहीत व्हावं असं मला मनापासून वाटत नाही.

[पडद्यावर: बेळगाव. तांबटाचं दुकान.]

मिरग लागायच्या चार दिवस आधी आम्ही घरी पोचलो. मावंदं घातलं, गाव जेवलं. लहान पोरांनी गडू हलवून आतलं पाणी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मामा गडू घेऊन बेळगावात गेले, मी कॅमेरा घेऊन सोबत. तांबटाने डाक दिली, गडू पुसला आणि विचारलं, काय घालायचं? मामांनी जुन्या अक्षरांवर बोट ठेवलं. त्याच्या खाली, म्हणाले. २०२४.

तांबट मधोमध ठोकायला गेला तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"वर घे थोडं. खाली जागा ऱ्हाऊ दे. पुढं ही पोरगी जाईल."