बापाची बाजू घेणारा मुलगा

मंडळी, नमस्कार. विषय पत्रिकेत छापलेलाच आहे, बाप-मुलाच्या गोष्टीतलं गुपित, तेव्हा थेट माझ्या तक्रारीवर येतो. आपल्याकडे बाप आणि मुलाच्या गोष्टीत गुपित आलं, की लेखक ट्रंकेकडे धाव घेतो. एकांकिका स्पर्धांचं परीक्षण मी बरीच वर्षं करतो आहे. वडील वारतात, तेराव्याला ट्रंक उघडते, तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली पत्र सापडतं. मुलगा झोतात येऊन ते मोठ्यानं वाचतो. पडदा. (हशा) हसताय, म्हणजे तुम्हीही पाहिलंत. पण मला याचा मनापासून त्रास होतो, कारण पत्र सापडेपर्यंत त्या मुलाला नाटकात कामच नसतं. त्याला काही ठाऊक नसतं, एवढीच त्याची ओळख. घरात असं होत नाही. ज्याच्यापासून लपवलेलं असतं, तो मुलगा त्या खोट्यासाठी राबत असतो. चार लोकांत बापाची बाजू घेऊन भांडत असतो. बापाचं खोटं मुलाच्या तोंडून, त्याच्या प्रामाणिकपणाच्या जोरावर बाहेर खपतं. नात्याची नासाडी तिथे होते. आज एवढंच मांडायचं आहे.

परळमध्ये बोलतो आहे, तेव्हा इथलंच उदाहरण घेतो. १८ जानेवारी १९८२ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचे वडील त्यात होते, तेव्हा संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत कोण, हे मी सांगायला नको. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. कुणी कोकणात गावी गेलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी भिवंडीला यंत्रमागावर लागलं. आमच्या चाळीत एक तात्या होते, गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे मागांवर काम करणारे. संप लांबला तसे तेही ‘भिवंडीला जातो’ म्हणून निघाले. शनिवारी रात्री घरी यायचे, रविवारी परत. मुलगा दहावीत. फीचे पैसे वेळेवर भरले जात होते.

काही महिन्यांनी गिरण्यांनी पोलीस बंदोबस्तात थोडे थोडे साचे चालू केले, हे तुम्हाला आठवत असेल. आत जाणाऱ्याला गिरणगावात काय म्हणत, तो शब्द आजही कुणी सहज उच्चारत नाही. एका संध्याकाळी नाक्यावर एका पोरानं या मुलाला तोच शब्द ऐकवला. ‘तुझा बाप संपफोड्या आहे. मागच्या गेटनं आत जातो.’ यानं त्या पोराला इतकं मारलं, की त्याचा दात पडला. त्या पोराच्या घरी त्या आठवड्यात रेशन भरायलाही पैसे नव्हते. इकडे चाळीत सगळ्यांनी याची पाठ थोपटली: बापाच्या नावाला जपणारा पोरगा! शनिवारी तात्या आले. मुलाचा सुजलेला ओठ पाहिला, काय झालं ते बायकोकडून ऐकलं, हळद उगाळून स्वतःच्या हातानं लावली आणि जेवायला बसले. बोलले काहीच नाहीत.

पुढे कितीतरी वर्षांनी, गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज भरायच्या वेळी, तात्यांचे एक जुने सोबती सहज बोलून गेले, ‘त्या संपात आम्ही दोघं आतच राहायचो, एका ताटात जेवायचो.’ मुलगा आता पन्नाशीला आलेला. तो मला म्हणाला, ‘संप मोडला याचं मला काही नाही. माझ्यासाठी मोडला, हे मला कळतं. पण तो पोरगा खरं बोलत होता आणि मी त्याचा दात पाडला. हळद लावताना तरी सांगायचं होतं.’

मी म्हणतो, लिहायचा असेल तर तो हळदीचा प्रसंग लिहा. सोबत्याचं बोलणं दोन ओळींत उरकलं तरी चालेल. हळद लावताना बापाला सगळं ठाऊक आहे, मुलाला काहीच नाही, आणि बाप त्या माराचा फायदा घेतो आहे. प्रेमही तिथेच आहे. दोन्ही एका हातात. तात्यांना मी दुष्ट मानत नाही. मानलं तर गोष्टच संपली.

अमेरिकन नाटककार आर्थर मिलरनं १९४७च्या ‘ऑल माय सन्स’ या नाटकात नेमकं हे केलं आहे. कारखानदार जो केलर तडे गेलेले इंजिनाचे भाग विमानांसाठी पाठवतो, एकवीस वैमानिक मरतात, तुरुंगात मात्र भागीदार जातो. मुलगा ख्रिस बापाला निर्दोष मानून त्याच्या सावलीत जगतो, त्याच्या धंद्यात हातभार लावतो. पत्र त्याही नाटकात आहे, पण ते तिसऱ्या अंकात. बाप आणि मुलगा दुसऱ्या अंकाच्या शेवटीच फुटलेले असतात.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. तीन मुद्दे राहिलेच आहेत, भरभर सांगतो.

पहिला, ग्रीक नाटकातला इडिपस घ्या. कॉरिंथचा राजा पॉलिबस त्याचा पालक बाप. मेजवानीत एक दारुडा बोलून जातो, ‘तू याचा मुलगा नाहीस.’ इडिपस घरी विचारतो. आईबाप त्या दारुड्यावर चिडतात, खरं सांगत नाहीत. मग ‘तू बापाला मारशील’ ही डेल्फीच्या देवळातली भविष्यवाणी ऐकून तो पळतो, तो पॉलिबसला आपल्या हातून मरणापासून वाचवायला! बापाला जपायला निघालेला मुलगा वाटेत जन्मदात्याला मारतो. आता आपला अधिरथ. कर्ण सापडलेलं मूल आहे, हे त्या घरात झाकलेलं नाही. म्हणून उद्योगपर्वात कृष्ण सगळं सांगतो तेव्हा कर्ण म्हणतो, मला ते ठाऊक आहे. माझं जातकर्म अधिरथानं केलं, तोच माझा पिता. राज्य नाकारतो, पण बाप बदलत नाही.

दुसरं, आई. आपल्या घरांत बाप आणि मुलगा आईमार्फत बोलतात. ‘बाबांना सांगू नकोस’ हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं आहे. तात्यांच्या बायकोला ठाऊक होतं का? मी विचारलं नाही, पण कथा लिहिणाऱ्याला ते ठरवावंच लागेल, कारण मुलाचा ओठ कशानं सुजला हे तात्यांना तिनंच सांगितलं.

तिसरा मुद्दा पुढच्या पिढीचा होता, तो चर्चेत घेऊ. तुमचे प्रश्न विचारा.