जाड दांडा, केसभर रेघ

[पडद्यावर एकच रोमन अक्षर, काळ्या शाईत: कॅपिटल एच.]

हा 'फॅट फेस' नावाच्या टायपातला, म्हणजे छपाईच्या अक्षरवळणातला, 'एच'. त्याच्याकडे नीट बघा. दोन उभे दांडे, जाडजूड, काळेकुट्ट. आणि त्यांना जोडणारी मधली रेघ? केसाएवढी. दांड्याच्या डोक्यावरचे आणि पायाशी असलेले सेरिफ, म्हणजे टोकाच्या आडव्या रेघा, त्याही तशाच, सपाट, बारीक, काटकोनात टेकलेले. जुन्या वळणाच्या टायपात या सांध्याला हलकी गोलाई असायची. इथे ती काढूनच टाकली आहे.

एवढी बारीक रेघ उठायची तर कागद गुळगुळीत हवा, शाई चांगली काळी हवी. बर्मिंगहॅमचा मुद्रक जॉन बास्करव्हिल याने १७५७ साली रोमन कवी व्हर्जिलचं काव्य छापलं, तेव्हा या दोन्हींवर मेहनत घेतली होती. पुढे पॅरिसमध्ये फिर्मँ दिदो आणि इटलीतल्या पार्मा शहरात जांबातिस्ता बोदोनी या टाइप घडवणाऱ्यांनी जाड-बारीकमधला फरक टोकाला नेला. पण त्यांची अक्षरं पुस्तकातली, रुबाबदार. त्यांना गलेलठ्ठ केलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लंडनमध्ये. लॉटरीवाल्यांना आपली जाहिरात भिंतीवर लांबून उठून दिसायला हवी होती. धातूचे टाइप ओतणाऱ्यांनी जाड रेघा फुगवत नेल्या. बारीक रेघ मात्र होती तशीच ठेवली. या अक्षरांना नाव पडलं 'फॅट फेस'. छपाईतल्या काही जाणत्यांनी तेव्हा नाकं मुरडली. मला विचाराल तर त्या बेढबपणातच खरी मजा आहे.

[मासिकाचं मुखपृष्ठ, मग पोस्टर.]

आज हा जाड-बारीक टाइप दिसतो तो मथळ्यात, पोस्टरवर, अत्तराच्या खोक्यावर. फॅशनच्या मासिकांना तर त्याचा लळाच आहे. 'व्होग' मासिकाचं नाव दिदोच्या वळणातच असतं.

[तोच टाइप, लहान होत जातो.]

आता हाच टाइप मजकुराला लावून बघू. आकार उतरला की आधी बारीक रेघा जातात. 'ई'ची मधली रेघ गेली, की तो 'सी'सारखा दिसायला लागतो. उरतात नुसते उभे काळे पट्टे, आणि त्यांनी डोळे दिपतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर छापायचं असेल तर आणखी पंचाईत, कारण शाई पसरून त्या रेघा बुजवून टाकते. म्हणून 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकासाठी टाइप डिझायनर जोनाथन हॉफ्लरने दिदोचा टाइप नव्याने काढला, तो वेगवेगळ्या मापांसाठी वेगवेगळा. लहान मापात रेघ थोडी जाड, मोठ्या मापात पुन्हा केसभर.

तुम्हाला वापरायचा असेल तर 'अब्रिल फॅटफेस' नावाचा फाँट फुकट मिळतो. दोन-चार शब्द घ्या, भरपूर मोठे करा, अक्षरं जरा जवळ आणा, भोवती मोकळी जागा सोडा. सावली किंवा बाह्यरेषा देऊ नका. बारीक रेघ तिथेच मरते. आणि खालचा मजकूर एखाद्या साध्या, जाड-बारीकमध्ये फारसा फरक नसलेल्या टायपात लावा.