तिसऱ्या दिवशीची सूज

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या डाव्या दंडावर बीसीजी या क्षयावरच्या लसीचा वण असेल. ती लस मुळात गाईच्या क्षयाच्या जंतूपासून तयार झाली. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो जंतू 13 वर्षं वाढवत वाढवत दुबळा केला आणि 1921 साली ती लस पहिल्यांदा बाळाला दिली. गाईच्या क्षयाशी आपलं नातं असं दंडावरच लिहिलेलं आहे.

गाईची तपासणीही माणसासारखीच. मानेवरचे केस भादरायचे, कातडीची जाडी मोजायची, ट्यूबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून काढलेला अर्क, टोचायचं आणि 72 तासांनी पुन्हा मोजायचं. जाडी 4 मिलिमीटर किंवा जास्त वाढली, तर गाय बाधित. लक्षात ठेवा, तिसऱ्या दिवशी मोजायचं.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून मी नुकताच बाहेर पडलो होतो. वसईकडच्या एका गोठ्यात 11 संकरित गाई. दोघे भाऊ आणि त्यांची म्हातारी आई सगळं बघायची. तिसऱ्या दिवशी गेलो, तर पहिल्याच गाईच्या मानेवर हळद-चुन्याचा जाड लेप! आजी म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या सुईनं सुजली हो. रात्रभर शेकलं, तरी उतरत नाही." लेप पुसला, कॅलिपर लावला. 4 कुठले, 9 मिलिमीटर. त्यांची सगळ्यात दुधाळ गाय ती. वेळेला 8 लिटर द्यायची, अंगावर चकाकी. खोकला नाही, वाळलेली नाही. मी सांगितलं, हिला क्षय आहे. वेगळी बांधा, वासराला हिचं दूध पाजू नका.

थोरल्यानं विचारलं, "औषध?"

"जनावराला या रोगाचं औषध देत नाहीत, दादा."

"मग कापायला?"

"गाय आहे. कायदा नाही म्हणतो."

"सरकार नेईल? पैसे देईल?"

मी नाही म्हणून मान हलवली. "मग वेगळी कुठं बांधू, डॉक्टर? आमच्या स्वयंपाकघरात?" छप्पर एकच होतं. मी कॅलिपर पिशवीत घातला.

पंधरा दिवसांनी गेलो, तर दावणीचा पहिला खुंटा रिकामा. आजी बोलेनात. निघताना मात्र गाडीपर्यंत आल्या. "बाजारात दिली. घेणाऱ्याला सांगितलं नाही हो आम्ही. त्याच्याबरोबर लहान पोरं होती." आणि पदर डोळ्यांना लावला. मला त्यांचा राग आला नाही. आजही येत नाही.

ब्रिटन-अमेरिकेत बाधित जनावर मारतात आणि मालकाला भरपाई देतात. आपल्या महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गाय कापायला बंदी, 2015 पासून बैल-वळूही त्यात आले. 2009 च्या केंद्रीय कायद्यात रोगाची खबर देणं आणि जनावर वेगळं बांधणं मालकाच्या डोक्यावर आहे. आणि 2019 चा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम आहे लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस, म्हणजे गाभ पाडणारा रोग, यांच्यासाठी. क्षय त्यात नाही. खबर देणाऱ्याच्या पदरात काही पडत नसेल, तर खबर येणार कशी? खबर येणार नाही, गाय बाजारात जाईल.

गाईचा क्षय न तापवलेल्या दुधातून माणसालाही होऊ शकतो. आणि हल्ली मुंबईत काचेच्या बाटलीतलं निरसं दूध तसंच पिण्याची टूम आली आहे. मला ती मुळीच पटत नाही. आपल्या आज्या दूध उतू जाईस्तोवर तापवायच्या, तेच बरोबर. खरवससुद्धा त्या वाफवून करायच्या. तो खऱ्या चिकाचा खरवस आता दादर-गिरगावात शोधावा लागतो, चायना ग्रासच्या वड्यांना खरवस म्हणतात याचं मला फार वाईट वाटतं. असो. दूध उकळा, उकळूनच प्या.

सरकारकडे माझं मागणं साधं आहे. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 आकडी क्रमांक असतो. तपासणीचा निकाल त्या क्रमांकापुढं नोंदवा, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल. आणि बाधित गाय वेगळी सांभाळणाऱ्याला निवारा आणि चाऱ्याचे पैसे द्या.

तोवर, गाय घ्यायला निघालेल्या भावांनो, नवी गाय थेट जुन्या दावणीला बांधू नका. आधी टोचून घ्या, आणि तिसऱ्या दिवशी मोजून घ्या. मानेवर हळदीचा लेप दिसला, तर कशाचा आहे ते विचारा. नमस्कार.