आधी दोर, मग सुरी

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'पशुवैद्यकाचं पहिलं वर्ष : अपेक्षा आणि वास्तव'. हे नाव संयोजकांनी दिलंय. मला बोलायचंय ते एवढंच, की पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हातात आधी सुरी द्यावी की दोर. त्यावर येतेच. पण समोर पालक बरेच दिसतायत, तेव्हा आधी त्यांच्याशी थोडं भांडून घेते.

नीटचा निकाल लागला की घरात हिशेब सुरू होतो. एमबीबीएस हुकलं, बीडीएसची फी परवडत नाही, चला, व्हेटरनरीचा फॉर्म भरून टाकू. 'टाकू'! पोरगं साडेपाच वर्षांसाठी निघालंय, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, आणि घरात सूर असा की बस चुकली म्हणून रिक्षा केली. शेजारणीने विचारलं तर आई सांगते, "मेडिकललाच आहे हो." पुढचं वाक्य येत नाही. दिवाळीला पोरगं घरी आलं की मामा ओट्यावरून ओरडतो, "या, ढोरडॉक्टर!" आणि त्याच मामाची म्हैस अडली की रात्री दोन वाजता फोन. कुणाला? पहिल्या सत्रातल्या त्या पोराला! त्याने तोवर म्हशीचा सांगाडा पाहिलेला असतो. (हशा) हसू नका, तुमच्यातही दोनचार मामा असतील.

आपल्या नाशकात १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण तिथले डॉक्टर शिकतात एकच प्राणी, तोही बोलणारा. कुठे दुखतं ते सांगतो, न विचारता सांगतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी बैल अख्खा पाठ करायचा आणि बाकीच्यांतले फरक लक्षात ठेवायचे. गायीला बरगड्यांच्या १३ जोड्या, घोड्याला १८. कुत्र्याला ४२ दात. गायीला ३२, आणि वरच्या जबड्यात पुढे एकही नाही. घोड्याला पित्ताशयच नसतं. गायीच्या हृदयात हाड असतं, हे ऐकून माझी आत्या म्हणाली होती, "गायीच्याच का?" तो विषय आज नको.

मेलेली जनावरं चिरून शिकायचं त्या शरीररचनाशास्त्राच्या हॉलचं फार वर्णन करत नाही. फॉर्मलीनने डोळ्यांतून पाणी येतं, तो वास केसांत बसतो, आणि पहिल्या आठवड्यात मेसमधली उसळ निम्मी पोरं खात नाहीत. महिन्याभरात तीच पोरं दुसऱ्याच्या ताटातली उचलतात.

हाडं मात्र सांगायलाच हवीत. हाडं हातात घेऊनच पाठ होतात. मी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात होते, १८८६ सालचं जुनं कॉलेज. सुट्टीनंतर तोंडी परीक्षा, म्हणून सीनियरकडून मागून घेतलेला बैलाचा अर्धा खालचा जबडा आणि खांद्याचं फरं रेक्झिनच्या बॅगेत घालून दादरहून नाशिकची एसटी धरली. बैलाच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे पक्क्या सांधत नाहीत, म्हणून असा अर्धा मिळतो. फरं बॅगेत मावेना, ते बाहेर डोकावत होतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय?" मी म्हटलं, "हाडं." शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली. कंडक्टरने बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लगेजचं तिकीट न फाडता पुढे सरकला.

रिकाम्या जागेवर कसाऱ्याला एक म्हातारा येऊन बसला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर उपरणं, हातात काठी. घोटीला उतरणारा हेडी होता, आयुष्यभर डांगी बैलांची खरेदी-विक्री केलेला. हेडी लोकांचा सौदा तुम्ही पाहिलाय का? उपरण्याखाली दोघांचे हात, बोटं दाबून भाव ठरतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. शेअर बाजारवाल्यांनी बघावं एकदा. असो. त्याने विचारलंसुद्धा नाही, जबडा उचलला, उजेडात धरला आणि पुढच्या दातांवरून अंगठा फिरवला. तीन पक्के, चौथा दुधाचा. "सहा दाती. चारेक वर्षांचा असंल," म्हणाला. अर्ध्यात तीन म्हणजे पुऱ्या तोंडात सहा, हे गणित त्याने मनातच केलं.

मीही कॉलेजची पोर, गप्प कशी बसणार? जबड्याच्या बाहेरच्या अंगाला, पुढे, एक भोक असतं, मेंटल फोरामेन. ते दाखवलं. म्हटलं, "बाबा, इथून नस बाहेर येते. इथे सुई दिली की खालचा ओठ बधिर होतो, मग टाके घालता येतात." त्याने भोकाला बोट लावून बघितलं. त्याला ते मनापासून आवडलं, हे मी शपथेवर सांगते. मग म्हणाला, "झ्याक. पण पोरी, सुई देताना बैल कोण धरणार?"

घोटी येईपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि सिलॅबसकडे आजही ते पुरतं नाही. म्हणजे, जनावर हाताळणं पहिल्या वर्षात आहे, पशुधन उत्पादन व्यवस्थापन नावाच्या विषयात. पण पोरं झोप उडवून पाठ करतात ती ॲनाटॉमी. गोठ्यावरची सकाळ ही हजेरीपुरती. पूर्वी चालून जायचं, कारण वर्गात निम्मी पोरं गोठ्यातूनच आलेली असायची. आता क्लासमधून येतात. हुशार आहेत, मुली तर फारच. पण गायीजवळ कुठून जायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मागून कधीही नाही, नेमकं मागचं तिला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, आवाज देत. घोडा लाथ सरळ मागे मारतो, गाय बाजूला गोल फिरवते, त्यामुळे 'मी बाजूला उभा आहे' म्हणणाराच आधी खातो.

आता तुम्ही म्हणाल, ॲनाटॉमी कमी करा म्हणते का ही? अजिबात नाही. आपल्या निफाड-पिंपळगावकडचंच बघा. द्राक्षबागेच्या मांडवाची तार कापली की तुकडे बांधावर पडतात, तिथून वैरणीत येतात. गाय आधी गिळते, चावते नंतर, निवांत रवंथ करताना. तार जड, ती जाळीपोटात, म्हणजे गायीच्या पोटाच्या एका कप्प्यात, जाऊन बसते. जाळीपोट कुठे? सहाव्या ते आठव्या बरगडीच्या पट्ट्यात, आणि पुढे पातळ पडद्यापलीकडे लगेच हृदय. पोट आवळलं की तार टोचत टोचत पुढे सरकते. शेतकरी सांगतो, "गाय उतार उतरत नाही, कण्हते." पाठीवर खांद्यामागे चिमटा घेतला तर निरोगी गाय पाठ खाली दाबते, ही दाबत नाही. ज्याने बरगड्या पाठ केल्या त्याला चित्र दिसतं. वेळेत कळलं तर पोटात लोहचुंबक सोडतात, तार त्याला चिकटून राहते. नाहीतर पोट उघडावं लागतं. तेव्हा बागायतदार मंडळी, तारेचे तुकडे डब्यात टाका. हे खरं तर वेगळ्या व्याख्यानाचं…

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' बरं, मग माझा मूळ मुद्दा धावत सांगते.

माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. पहिला महिना हॉल बंद ठेवा. पोरांना सकाळ-संध्याकाळ गोठ्यात पाठवा: वेसण धरणं, खोड्यात घेणं, धार काढणं, एका झटक्यात सुटणारी गाठ मारणं. मग बैल पाडायला शिकवा. गळ्याला एक फास, छातीला एक वेढा, कमरेला एक, मागून दोघांनी सरळ ओढायचं. मारामारी न करता तो आपोआप बसतो. तिथे सर म्हणतील, "उजव्या कुशीवर घ्या." एखादं पोर विचारेल, "उजव्याच का?" कारण त्याचं मोठं पोट, शंभर-दीडशे लिटरचं, डाव्या अंगाला आहे, त्यावर निजवलं तर ते दबतं. ते पोट दुसऱ्या महिन्यात हॉलमध्ये उघडेल तेव्हा पोरगं ते शोधत येईल. आज आपण उत्तर आधी पाठ करून घेतो आणि प्रश्न चौथ्या वर्षी दाखवतो.

हे माझं खूळ आहे असं वाटत असेल तर एकच सांगते. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा १७६१ साली फ्रान्समध्ये, लियोंला निघाली. बुळकांडीने गुरं पटापट मरत होती, म्हणून. ती काढणारा क्लॉद बूर्जला हा त्याआधी घोडेस्वारीच्या शाळेचा प्रमुख होता. त्याला घोडा आधी धरता येत होता, चिरायला तो नंतर शिकला. परीक्षेत गुण किती द्यायचे, विमा कुणी उतरवायचा, शंभर पोरांना पुरतील इतकी शांत जनावरं कुठून आणायची, याची उत्तरं माझ्याकडे आहेत, पण संयोजक उभे राहिलेत.

ज्यांची मुलं यंदा मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर कुठेही जाणार आहेत, त्यांनी पांढऱ्या कोटाआधी गमबूट घ्या, एक माप मोठे, आत जाड मोजे बसले पाहिजेत. आणि दहा मीटर सुताचा दोर. नायलॉनचा स्वस्त पडतो, पण घेऊ नका. बैलाने हिसका दिला की तळहात सोलून निघतो.