ठिपके गेले, तरी उपचार थांबवू नका

(दृश्य: टँकच्या तळाशी एक क्लाउन लोच मासा. अंग तिरकं करून दगडाला घासतो आणि झटक्यात पळतो. क्षणभराने पुन्हा तेच.)

निवेदन:

हा मासा खेळत नाहीये. त्याला खाज सुटली आहे.

अजून अंगावर काहीच दिसत नाही. तो खातोय, पोहतोय. फक्त अधूनमधून दगडाला अंग घासतो, आणि कल्ल्यांची उघडझाप नेहमीपेक्षा जरा घाईने होते. पहिला इशारा हाच असतो. आपण तो बघतो आणि ‘आज भलताच खुशीत आहे’ म्हणून सोडून देतो.

(दृश्य: दोन दिवसांनंतर त्याच माशाची शेपटी, अगदी जवळून.)

आता मात्र शंकेला जागा नाही. शेपटीच्या पारदर्शक भागावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसताहेत. प्रत्येक ठिपका सुटा, गोल, जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. छंदी लोक याला व्हाइट स्पॉट म्हणतात, नाहीतर नुसतं ‘इक’. मागे आहे एक एकपेशीय परजीवी, इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस. फूके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ साली त्याचं वर्णन केलं. गोड्या पाण्यातला जवळजवळ कुठलाही मासा त्याला चालतो.

औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी एक खात्री करून घ्या. पांढरं दिसलं म्हणजे व्हाइट स्पॉटच, असं नाही. प्रजननाच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या कडेला पांढरे दाणे येतात. ओळीत, दोन्ही बाजूंना सारखे. ते नैसर्गिक आहेत, नराला हात लावू नका. अंगावर सोनेरी, धुळीसारखा बारीक थर दिसला तर तो वेल्व्हेट नावाचा वेगळा परजीवी. आणि कापसासारखे पांढुरके चट्टे, विशेषतः तोंडाशी, दिसले तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. तिथे पाणी गरम केलंत तर आजार उलट जोर धरेल.

(दृश्य: सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव.)

ठिपक्याचा हा नमुना जवळून बघू या.

एक गोल जीव, अंगभर बारीक केस. सगळे केस एका लयीत हलताहेत, आणि त्यांच्या जोरावर तो जागच्या जागी संथपणे फिरतोय. फिरणं थांबतच नाही. आत एक फिकट कमान दिसते, नालेच्या आकाराची. ते त्याचं मोठं केंद्रक. एवढं दिसलं की निदान पक्कं. दुसरी चाचणी लागत नाही.

पण काचपट्टीवर जे कळत नाही ते महत्त्वाचं आहे. हा जीव माशाच्या अंगावर बसलेला नव्हता, अंगात होता. त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून तो तिथल्या पेशी खात वाढतो. वर माशाचीच त्वचा असते आणि त्यावर चिकट स्रावाचा थर. पाण्यात तुम्ही जे औषध टाकता, ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणजे जो ठिपका आपल्याला दिसतो, त्याचं आपण काही बिघडवू शकत नाही. ज्याला मारता येतं, तो दिसत नाही.

(दृश्य: चित्ररूप. ठिपका फुटतो, एक गोळा तळाच्या खडीवर उतरतो.)

पोट भरलं की हा परजीवी त्वचा फोडून बाहेर पडतो. काही तास पाण्यात भटकतो आणि मिळेल तिथे चिकटतो. खडी, झाडाचं पान, फिल्टरचा पाइप, काच, काहीही चालतं. स्वतःभोवती चिकट कवच तयार करतो आणि आत विभागायला लागतो. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा वेळा दुप्पट झालं तर १०२४. प्रत्येक कवचातून इतके निघतीलच असं नाही, पण शेकडो सहज निघतात. या कवचावरही औषध फारसं चालत नाही.

मग कवच फुटतं आणि पिल्लं पाण्यात सुटतात. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, किंवा त्याहून लहान. आता त्यांच्यामागे घड्याळ लागलेलं असतं. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. सापडला, तर काही मिनिटांत त्वचेत शिरतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

औषधाला संधी मिळते ती एवढीच, पिल्लं उघड्यावर असतानाची.

नदीत यातली बहुतेक पिल्लं वाया जातात. पाणी वाहतं, मासे दूर असतात. टँकमध्ये कुठूनही मासा दोन वितींवर. नदीत माशाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा परजीवी काचेच्या पेटीत आठवड्यात थैमान घालतो, त्याचं कारण हेच. तो काही जास्त क्रूर झालेला नसतो.

(दृश्य: माशाचे कल्ले, जवळून. जलद उघडझाप.)

मासा मरतो तो मात्र अंगावरच्या ठिपक्यांनी नाही. पिल्लं कल्ल्यांतही शिरतात, आणि पुष्कळदा आधी तिथेच. कल्ल्यांचा नाजूक पडदा सुजतो, जाड होतो, आणि पाण्यातला प्राणवायू रक्तात उतरणं अवघड होतं. त्यामुळे मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो, नाहीतर फिल्टरच्या धारेखाली उभा राहतो. अंगावर एकही ठिपका नसताना मासे जातात, ते असे.

दुसरा मार त्वचेच्या जखमांचा. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे पाणी सतत आत शिरू बघतं आणि क्षार बाहेर. धडधाकट त्वचा हे थोपवून धरते. ती शेकडो ठिकाणी फुटली की मूत्रपिंडावर ताण येतो आणि मासा आतून थकत जातो.

हे लक्षात घेतलं की उपचारात मीठ का येतं ते कळतं.

(दृश्य: हीटरचा दिवा लागतो. थर्मामीटर.)

आधी उष्णता. या परजीवीचा सगळा कारभार तापमानावर चालतो. २५ अंश सेल्सिअसला पूर्ण चक्र साधारण आठवड्याच्या आत उरकतं. १० अंशांच्या आसपास तेच महिन्याहून जास्त रेंगाळतं. आणि ३० अंशांना त्याची वाढ सहसा थांबते. उष्ण प्रदेशातले बरेच मासे ३० अंश काही दिवस सोसतात, म्हणून हीटर हे इथे औषधच ठरतं. एकदम नाही, अर्ध्या दिवसाला एखादा अंश या बेताने चढवायचं आणि दहा ते चौदा दिवस तिथेच ठेवायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसतील. पुष्कळांचा धीर इथेच सुटतो. आजार बळावला असं वाटतं आणि घाबरून आणखी एक औषध ओतलं जातं. खरं तर आधीच आत शिरलेले, डोळ्यांना न दिसणारे परजीवी उबेमुळे भराभर मोठे होऊन आता दिसायला लागलेले असतात. तरीही चार-पाच दिवसांनंतर नवे ठिपके येतच राहिले, तर मात्र निव्वळ उष्णतेवर विसंबू नका.

आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आधी जोडा. २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६. निरोगी माशाला हा फरक जाणवणार नाही. कल्ले सुजलेल्याला जाणवतो.

गोल्डफिश आणि थंड पाण्यातले इतर मासे यांच्यासाठी ३० अंश हा मार्ग नाही. त्यांच्यासाठी मीठ बरं.

(दृश्य: वजनकाटा, वाडगं, साधं मीठ.)

साधं मीठ, त्यात दुसरं काही मिसळलेलं नको. प्रमाण लिटरला २ ते ३ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, वजन करा. आणि टँक किती लिटरचा ते दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर ठरवू नका. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, आणि पाण्याची उंची ३० असेल तर गुणाकार ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. खडी आणि दगडांनी अडवलेली जागा वजा केली की उरले समजा ४८. लिटरला ३ ग्रॅम धरले तर १४४ ग्रॅम मीठ. तेही एकदम नाही. ४८-४८ ग्रॅमचे तीन भाग, प्रत्येक भाग टँकमधल्याच पाण्यात विरघळवून, बारा-बारा तासांनी.

पुढची गफलत पाणी बदलताना होते. १२ लिटर काढलं, तर नव्या १२ लिटरमध्ये ३६ ग्रॅम मीठ घालायचं. पण पाणी नुसतं आटलं असेल, तर भर साध्या पाण्याची. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. हा फरक विसरला तर आठवडाभरात पाणी नको तितकं खारट होतं.

मीठ पिल्लांना मारक आहे, आणि बाहेरचं पाणी थोडं खारट झालं की माशाच्या शरीरावरचा भारही हलका होतो. एका दगडात दोन पक्षी. काही पाणवनस्पती मात्र यात माना टाकतात, व्हॅलिस्नेरिया त्यांपैकी एक. टँकमध्ये झाडं दाट असतील तर मासे वेगळ्या टँकमध्ये काढून तिथे उपचार करणं शहाणपणाचं. मूळ टँकमध्ये एकही मासा उरला नाही, तर तिथली पिल्लं उपाशी मरतात. पाणी २५ अंशांच्या वर ठेवून दोन आठवडे थांबा. औषधाचा थेंब लागत नाही.

(दृश्य: रबरी मोजे घातलेले हात. हिरवट निळं द्रावण.)

आता बाजारातली औषधं. बहुतेकांत मॅलकाइट ग्रीन असतं, कधी जोडीला फॉर्मालिन. दोन्ही गुणकारी, दोन्ही जहाल. खाण्यासाठी वाढवलेल्या माशांवर मॅलकाइट ग्रीन वापरायला अमेरिका आणि युरोपीय संघात परवानगी नाही. फॉर्मालिनमधलं फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणलं जातं. तेव्हा हातात मोजे हवेत, खिडकी उघडी हवी, आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरायचीच नाही. तो साका माशांना अतिशय विषारी असतो.

लोचसारखे अगदी बारीक खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे मॅलकाइट ग्रीनला हळवे असतात. त्यांच्यासाठी बाटलीवर वेगळं, सहसा निम्मं, प्रमाण दिलेलं असतं. ते पाळा. तांब्याची औषधंही मिळतात, पण त्यांनी गोगलगाई आणि कोळंबी आधी मरतात, आणि पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचं, असेल तर मासेसुद्धा. मला विचाराल तर घरच्या टँकसाठी तांबं शेवटचा पर्याय.

औषध कुठलंही असो, फिल्टरमधला कार्बन आधी काढा. तो औषध शोषून घेतो आणि तुम्ही रोज नुसतं रंगीत पाणी ओतत बसता. पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा असेल तर तोही बंद ठेवा. आणि दोन औषधं एकत्र करू नका. ‘लवकर गुण येईल’ या आशेने केलेल्या मिश्रणांनी परजीवीपेक्षा जास्त मासे गेले असतील, असं मला वाटतं.

(दृश्य: सायफनच्या नळीने खडी साफ करणं.)

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. एक दिवसाआड पाव टँक पाणी काढायचं, आणि ते वरचं नाही. नळी खडीत खुपसून तळाचं ओढायचं. तळाला टेकलेली कवचं फुटण्याआधीच बादलीत जातात, म्हणजे प्रत्येकामागे शेकडो पिल्लं कमी. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं.

सहाव्या-सातव्या दिवशी मासे स्वच्छ दिसतात. उपचार फसतात ते इथे. ठिपके दिसत नाहीत, याचा अर्थ परजीवी माशावरून उतरले, एवढाच. काही तळाशी विभागत असतील, काही कल्ल्यांत असतील. २५ अंशांच्या आसपास पाणी असेल, तर शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी पूर्ण एक आठवडा उपचार चालू ठेवा. पाणी थंड असेल तर त्याहून जास्त.

‘हा परजीवी प्रत्येक टँकमध्ये असतोच, मासा अशक्त झाला की डोकं वर काढतो,’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. अर्धवट खरं आहे. माशाशिवाय तो टिकत नाही, त्यामुळे रिकाम्या पाण्यात दबा धरून बसत नाही. पण आजारातून वाचलेल्या माशात प्रतिकारशक्ती येते, आणि असा मासा कल्ल्यांत थोडेफार परजीवी बाळगूनही ठणठणीत दिसू शकतो. तुमचे जुने मासे टवटवीत आणि नवा आलेला चार दिवसांत ठिपक्यांनी भरलेला, असं झालं तर दोष दरवेळी नव्याचाच नसतो.

(दृश्य: छोटा साधा टँक. तळ मोकळा, एक स्पंज फिल्टर, एक पाइपचा तुकडा.)

नव्या माशांसाठी एवढं पुरतं. खडी नको, म्हणजे कवचांना आडोसा मिळत नाही आणि तळ रोज पुसता येतो. पाइपचा तुकडा लपायला. स्पंज फिल्टर मात्र आधी काही आठवडे मोठ्या टँकमध्ये चालवून मग इथे आणा, त्यात उपयुक्त जिवाणू वसलेले असतात. चार आठवडे मासे इथेच. ज्या पिशवीतून मासे आले तिचं पाणी बेसिनमध्ये ओता, टँकमध्ये नाही. जाळी वेगळी ठेवा, आणि एकच असेल तर दरवेळी कडकडीत वाळवा. दुसऱ्या टँकमधून आणलेली झाडं आणि गोगलगाई यांनाही आधी वेगळं ठेवायचं. त्यांना हा आजार होत नाही, पण पानाला किंवा शंखाला चिकटून कवच येऊ शकतं. त्यांना दोन आठवडे माशांशिवायच्या पाण्यात ठेवा, आणि मगच मोठ्या टँकमध्ये सोडा.